एकाच तारेचा फ्यूज

प्रीमियर पद्मिनीचा फ्यूज आजच्या पोरांच्या हातात दिला तर ही वस्तू कशाची आहे, हे त्यांना सांगता येणार नाही. पांढऱ्या चिनीमातीची इंचभर लांबीची दांडी, दोन्ही टोकं निमुळती आणि अंगावरच्या खाचेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली धातूची बारीक पट्टी. दोन पितळी पत्त्यांच्या चिमट्यात ही दांडी दाबून बसवायची. पांढरा रंग म्हणजे ८ अँपिअर. लाल म्हणजे १६. पट्टी उघड्यावरच असल्यामुळे ती जळाली की लगेच दिसायची आणि उघड्यावरच असल्यामुळे तिच्या जागी दुसरं काहीतरी गुंडाळताही यायचं. आपल्या मुंबईच्या उपनगरांतल्या ऑटो इलेक्ट्रिशियन मंडळींची बरीचशी कला या उघड्या पट्टीवर पोसली गेली आहे.

गाडीही इथलीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कारखाना उभा राहिला कुर्ल्याला. फियाट ११०० डिलाइट तिथून बाहेर पडू लागली १९६४ पासून. पुढच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं, पण मुंबईकरांनी तिला अखेरपर्यंत फियाटच म्हटलं. फियाट इटलीची, म्हणून तिचा फ्यूज युरोपच्या घराण्यातला. अँबेसेडर इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची मुलगी, म्हणून तिच्यात लुकासचे काचेचे फ्यूज, तेही जुन्या मॉडेलांत अवघे दोन. एकाच रस्त्यावर धावणाऱ्या या दोन गाड्यांचे फ्यूज एकमेकींना चालत नसत. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या स्पेअरपार्टवाल्याला दोन्ही बरण्या भरून ठेवाव्या लागत.

फ्यूजचं मूळ घराणं गाडीचं नाहीच, ते तारायंत्राचं. वीज पडली की तारेवरून धावत येऊन तारघरातली यंत्रं जाळायची. फ्रान्सच्या ब्रेगे यांनी १८४७ मध्ये उपाय सुचवला : यंत्राच्या अलीकडे मुद्दाम एक बारीक तार घाला. जळायचंच असेल तर तिनं जळावं. पुढे विजेचे दिवे आले, तेव्हा एडिसननं १८८० मध्ये याच कल्पनेवर 'सेफ्टी कंडक्टर' नावाचं पेटंट घेतलं. पण कोणती तार किती करंटला वितळते याचा हिशेब बसवला तो ब्रिटिश टपाल खात्यातले इंजिनिअर विल्यम प्रीस यांनी, त्याच दशकात. त्यांचं सूत्र असं की वितळवणारा करंट तारेच्या व्यासाच्या दीड घाताच्या पटीत वाढतो. १ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार साधारण ८० अँपिअरला वितळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारीत फ्यूज यायला आधी मोटारीत वीज यायला हवी होती. सुरुवातीच्या गाड्या हँडल मारून सुरू व्हायच्या आणि पुढचे दिवे असायचे कार्बाइडच्या गॅसचे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर आणि दिवे बसवले आणि मग प्रत्येक गाडीत बॅटरी, वायरी, हॉर्न यांची दाटी सुरू झाली. १९२७ मध्ये शिकागोत एडवर्ड सुंड्ट यांनी नाजूक मीटर जळू नयेत म्हणून काचेच्या नळीतला छोटा फ्यूज बनवला. त्यांची कंपनी लिटलफ्यूज. काचेच्या नळीतल्या फ्यूजनं पुढे अमेरिकेतल्या गाड्यांवर पन्नास वर्षं राज्य केलं.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईच्या माणसाला फ्यूज माहीत झाला तो गाडीतून नव्हे, घरातून. बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी १९२९ ची. अंधेरी-बोरिवलीला तिची वीज, तर मुलुंड-भांडुपला सरकारी मंडळाची. ती आजही महावितरणचीच आहे. पण मीटरखालचं किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बांधायची चिनीमातीची खुंटी, सगळीकडे सारखं. लाइट गेले की पहिला प्रश्न, ''शेजारी आहेत का?'' शेजारी असतील तर आपला फ्यूज गेला. मग मेन स्विच बंद करून किटकॅट ओढायचं, जळकी तार काढायची आणि नवी बांधायची. चाळीतल्या शाळकरी मुलालाही हे यायचं. जिथं फ्यूज बदलत नाहीत, बांधतात, तिथं पद्मिनीचा उघड्या पट्टीचा फ्यूज जळाला तर माणूस दुकान शोधत कशाला जाईल?

बांधायची रीत अशी. लवचिक वायरीचा तुकडा घ्यायचा, साल सोलायची, आतल्या झुबक्यातली एकच तार वेगळी काढायची, जुन्या दांडीच्या खाचेतून ओढायची आणि दोन्ही टोकांना वेढे द्यायचे. एकच. उस्ताद पोऱ्याला बजावायचा तो एवढ्यासाठीच. आता प्रीस साहेबांचा आकडा काढा. अशा वायरीतली तार बहुधा ०.२ मिलिमीटर जाडीची असते. सूत्रात घातली तर ती वितळते साधारण ७ अँपिअरला. म्हणजे ८ अँपिअरच्या फ्यूजच्या जागी तिला बसवलं तर ती खऱ्या फ्यूजपेक्षाही लवकर जाणार, गाडीला धोका नाही. इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेतलं गणित आणि गॅरेजमधला दंडक एकमेकांना न भेटता एकाच उत्तराशी पोचले होते. या कारागिरांना जुगाडू म्हणून हसणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळेच.

बिघडलं ते मोजणं सुटलं तेव्हा. एक तार वारंवार जाते म्हणून तीन, तीन जातात म्हणून अख्खा पीळ. त्याहून वाईट म्हणजे सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद. तो गुंडाळला की दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गिऱ्हाईक खूश. पण तो किती अँपिअरला जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं आणि तो गेला नाही तर डॅशबोर्डमागची वायर जाते, पाठोपाठ तिच्या शेजारणी. जाणता माणूस आधी विचारायचा की फ्यूज गेला कशानं. काचेच्या फ्यूजमध्ये ते दिसतंही : तार मधोमध नुसती तुटलेली असेल तर भार जरासा जास्त होता किंवा तार थकली होती. काच आतून काळी किंवा आरशासारखी चकचकीत झाली असेल तर सरळ शॉर्ट. ''साहेब, लाइन कुठंतरी बॉडीला लागतेय, फ्यूज बदलून काय होणार?'' हे वाक्य ज्याच्या तोंडी असेल त्याच्या हातात गाडी द्यावी.

पावसाळ्यात तर फ्यूज न जाताच गेल्यासारखा वागायचा. चिमट्याचे पत्ते काळे पडायचे, पकड सैल व्हायची. टॅक्सीवाले फ्यूजबॉक्स उघडून एकेक दांडी दोन बोटांनी जागच्या जागी फिरवायचे. काळा थर घासला गेला की वायपर चालू.

लिटलफ्यूजनं १९७६ च्या सुमाराला हा सगळा खेळ मोडला. दोन चपटे पाय, वर रंगीत पारदर्शक प्लॅस्टिक आणि आत जस्ताची वाकडी पट्टी. काचेच्या फ्यूजच्या टोपीवरचे बारीक आकडे अंधारात कोण वाचणार, म्हणून रंगच ठरवून टाकले : तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. दुप्पट करंट आला तर हा ५ सेकंदांच्या आत जातो. मारुतीच्या जमान्यात हाच फ्यूज आपल्या गल्लीबोळांत पोचला. याला तार बांधता येत नाही. निदान सहज तरी नाही, काही बहाद्दर पायांना चंदेरी कागद लावतातच.

तपासायला मात्र हा जुन्यांपेक्षा सोपा. माथ्यावर धातूचे दोन बारीक उघडे ठिपके असतात, पुष्कळांचं तिकडे लक्षच जात नाही. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावायची, चावी फिरवून ती लाइन चालू करायची आणि सुई एकेका ठिपक्याला टेकवायची. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज चांगला. एकीकडेच लागला तर गेलेला. कुठंच लागला नाही तर फ्यूजकडे वीजच येत नाही, दोष मागे आहे. फ्यूज उपसून डोळ्यांसमोर धरायची गरज नाही. बदलायचा झाला तर आधी चावी बंद, मग चिमट्यानं ओढायचा आणि त्याच रंगाचा घालायचा.

फ्यूज जायची कारणं तरी काय? चार्जरच्या सॉकेटमध्ये पडलेलं रुपयाचं नाणं हे एक. दुसरं, हायवेवर उजेड हवा म्हणून घातलेले १०० वॉटचे बल्ब. १२ व्होल्टला एक बल्ब ८ अँपिअरहून जास्त ओढतो, जोडी सतराच्या घरात जाते. दोन्ही दिव्यांना मिळून असलेला १५ चा फ्यूज उडतो, मग कुणीतरी ३० चा हिरवा घालतो आणि दिवे लागतात. पंधराच्या हिशेबानं ओढलेली वायर मात्र तीच राहते. म्हणून तर बऱ्याच कंपन्या डाव्या-उजव्या हेडलाइटला वेगळे फ्यूज देतात, रात्री घोडबंदर रोडवर एकदम अंधार होऊ नये.

पद्मिनीचं उत्पादन एकविसाव्या शतकाच्या तोंडावर थांबलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. तिच्याबरोबर चिनीमातीच्या दांड्याही गेल्या, हौशी संग्राहकांपुरत्या उरल्या. २०२५ च्या जुलैत टेस्लानं कुर्ल्याला लागूनच, बीकेसीत दुकान उघडलं. तिच्या नव्या गाड्यांत बरेचसे छोटे फ्यूज नाहीतच, इलेक्ट्रॉनिक स्विच करंट तोडतो आणि परत जोडतो.

बाकीच्यांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रोड आहे. तिथल्यासारख्या बाजारांत पंचरंगी फ्यूजची पाकिटं लटकत असतात, मोठे, मिनी, त्याहून लहान. घेताना एकच पाहावं. नावाजलेल्या कंपनीच्या लाल फ्यूजशेजारी स्वस्तातला लाल धरावा आणि आतली पट्टी बघावी. नकली मालात ती कधी कधी दुप्पट रुंद असते. रंग १० चा, आकडा १० चा आणि शॉर्ट झाला तरी जायचं नाव नाही.