मोटारगाडीवरील रंगलेप

मोटारगाडीवरील रंगलेप : मोटारगाडीच्या बाह्यांगाचे गंजण्यापासून रक्षण करण्यासाठी व त्यास शोभा आणण्यासाठी दिलेल्या लेपांचा समूह. त्यात अस्तर, रंगद्रव्ययुक्त लेप व काही प्रकारांत त्यावरील पारदर्शक लेप यांचा समावेश होतो. चकाकी वरवर सारखी दिसली, तरी या लेपांची रासायनिक घडण भिन्न असते. ती न ओळखता नवा थर दिल्यास जुना थर सुरकुततो वा सुटतो. जुन्या मोटारींच्या बाबतीत तर मूळ लेप हा ऐतिहासिक पुरावाच असल्याने तो एकदा खरवडला गेला की पुन्हा मिळत नाही. यामुळे लेपांचे प्रकार ओळखण्यासाठी त्यांचा इतिहास माहीत असणे आवश्यक ठरते.

प्रारंभीच्या मोटारी घोडागाड्यांच्या कारागिरांच्या पद्धतीनेच रंगवीत. जवसाच्या तेलात घोटलेले रंग व त्यांवर रोगण असे अनेक थर कुंचल्याने देत आणि प्रत्येक थर वाळल्यावर घासून गुळगुळीत करीत. तेलाचे हवेतील ऑक्सिजनाने ऑक्सिडीभवन होऊन हे थर वाळत असल्याने संपूर्ण कामास कित्येक आठवडे लागत. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास ही पद्धत अडसर ठरली. फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार १९०८ मध्ये निघाली तेव्हा ती निरनिराळ्या रंगांत मिळे. मात्र १९१४ ते १९२५ या काळात ती केवळ काळ्या रंगात मिळत असे. अस्फाल्टयुक्त काळे एनॅमल स्वस्त व टिकाऊ होते, तसेच त्याचे काही प्रकार भट्टीत तापवून लवकर वाळविता येत.

या कोंडीतून मार्ग निघाला तो सेल्युलोज नायट्रेटाच्या लॅकरामुळे. द्यू पाँ कंपनीचे ‘ड्युको’ हे लॅकर जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड मोटारींवर वापरले. हे लॅकर केवळ विद्रावकाच्या बाष्पीभवनाने वाळते. त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले व फवाऱ्याने निरनिराळे रंग देणे शक्य झाले. या लॅकराचे नाव इतके रूढ झाले की, भारतात लाकडी सामानावरील फवाऱ्याच्या रंगकामासही ‘ड्युको’ म्हणू लागले. वाळताना कोणतीही रासायनिक विक्रिया होत नसल्याने हा लेप विद्रावकात पुन्हा विरघळतो. हीच त्याची मुख्य खूण होय. त्यात घन द्रव्य कमी असल्याने बरेच थर द्यावे लागतात आणि घासून पॉलिश केल्याखेरीज पूर्ण चकाकी येत नाही. उन्हाने तो पिवळसर पडतो व कालांतराने त्यावर बारीक भेगांचे जाळे उमटते.

१९३० च्या दशकात अल्किड रेझिनाची एनॅमले प्रचारात आली. ऑक्सिडीभवनाने व उष्णतेने त्यांच्या रेणूंत आडवे बंध निर्माण होतात. म्हणून वाळलेले एनॅमल पुन्हा विरघळत नाही. फवाऱ्यानंतर त्यास आपोआप चकाकी येते, परंतु पृष्ठभागावर बहुधा संत्र्याच्या सालीसारखा सूक्ष्म उंचसखलपणा राहतो. जुने झाल्यावर ते फिके व खडूसारखे भुरभुरीत होते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲक्रिलिक लॅकर व त्यानंतर ॲक्रिलिक एनॅमल आले. ते उन्हात अधिक टिकत.

धातूसारखी चमक असलेल्या रंगांत ॲल्युमिनियमाच्या सूक्ष्म पापड्या असतात. एकाच थराच्या लेपात त्या पृष्ठभागालगत उघड्या पडून काळवंडत. यावरील उपाय म्हणजे रंगाच्या पातळ थरावर पारदर्शक लेप देणे. ही द्विस्तर पद्धत १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली. त्याच सुमारास अभ्रकाच्या पापड्यांचे मोतिया रंगही रूढ झाले. दुरुस्तीच्या कामात दोन घटक मिसळून कठीण होणारे पॉलियुरेथेन लेप आले, तर पुढे प्रदूषण कमी करण्यासाठी पाण्यात मिसळलेले रंग कारखान्यांत वापरात आले.

परीक्षेची सुरुवात दरवाजाच्या आतील कडेसारख्या लपलेल्या जागी करतात. पांढऱ्या फडक्यावर पॉलिश घेऊन हलके घासल्यास एकस्तरी लेपाचा रंग फडक्यावर उतरतो. वर पारदर्शक लेप असल्यास तो उतरत नाही. नंतर लॅकराच्या थिनरात भिजविलेले फडके थोडा वेळ टेकवितात. लेप विरघळून रंग फडक्यास लागला तर ते लॅकर असते. लेप मऊ होऊन फुगला वा सुरकुतला तर बहुधा अल्किड एनॅमल असते. काहीच परिणाम न झाल्यास तो भट्टीत पक्का केलेला वा दोन घटकांचा लेप समजावा. सेल्युलोज नायट्रेट व ॲक्रिलिक ही दोन्ही लॅकरे या परीक्षेत विरघळतात; त्यांतील भेदाचा निर्णय अवरक्त वर्णपटविज्ञानाने होतो. पारदर्शक लेप उन्हाने बिघडला की, पापुद्र्याप्रमाणे निघतो व खालचा रंग निस्तेज दिसतो. पोलादी पत्र्यावरील लेपाची जाडी चुंबकीय मापकाने मोजता येते. आधुनिक मोटारींच्या कारखान्यातील लेपसमूहाची जाडी सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन असते. एखाद्या जागी ती कित्येक पट आढळल्यास तेथे लांबी भरून दुरुस्ती झाली असल्याचे अनुमान निघते.

निदान चुकल्यास त्याची किंमत केवळ मोटारीलाच मोजावी लागते असे नाही. जुन्या रंगांत शिशाची संयुगे असत व कोरड्या घासकामाने त्यांची धूळ श्वासावाटे शरीरात जाते. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन लेपांतील आयसोसायनेटांमुळे फवारा मारणाऱ्या कामगारास दमा जडू शकतो. म्हणून जुना लेप घासण्यापूर्वी तो कोणता आहे हे ठरविणे आणि नवा लेप निवडताना त्यातील घटक जाणून घेणे, हे रंगकामाचे पहिले अंग मानले पाहिजे.