माथेरानची गाडी आणि आमचं बिल्ड

गेल्या शुक्रवारी आमचं बिल्ड फुटलं. कोणा अनोळखी माणसाची लायब्ररी गायब झाली होती. रात्रभर जागलो आणि शनिवारी माथेरान गाठलं.

नेरळहून वर येणारी दोन फुटी रुळांची गाडी १९०७ ची. पैसा पीरभॉय कुटुंबाचा, इंजिनं जर्मनीची. २६ जुलै २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले, गाडी परतायला २००७ उजाडलं. खाजगी मोटारी दस्तुरीपर्यंतच. तरी गाव चाललंच. घोडे, हमाल, हातरिक्षा होत्या ना!

२०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाच्या अकरा ओळी लेखकाने काढून घेतल्या, तेव्हा जगभरचे प्रोजेक्ट अडले. त्यांच्याकडे घोडा नव्हता.

दुसऱ्याचं वापरू नये असं नाही हो. पण ते नसेल तेव्हा काय, हे माहीत हवं. सोमवारपासून आम्ही लायब्रऱ्यांच्या प्रती स्वतःकडे ठेवतोय.