फ्लोरोसिस

फ्लोरोसिस : पिण्याच्या पाण्यातून व अन्नातून दीर्घकाळ जास्त फ्लोराइड शरीरात गेल्यामुळे दात, हाडे व सांधे यांना होणारा विकार. दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडणे, मान व पाठ ताठरणे, पुढे कणा वाकणे ही त्याची ठळक लक्षणे. जडलेले व्यंग औषधाने बरे होत नाही. विकार टाळणे मात्र पूर्णपणे शक्य आहे. त्यामुळे त्याचा अभ्यास एकट्या वैद्यकापुरता राहिलेला नाही. फ्लोराइड खडकातून पाण्यात कसे उतरते, ते पाण्यातून कसे काढावे आणि सुरक्षित पाणी गावात रोज, वर्षानुवर्षे कसे मिळत राहावे, हे तिन्ही प्रश्न या विकाराशी बांधलेले आहेत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने सुमारे १८ कोटी लोक जास्त फ्लोराइडच्या भूजलाच्या धोक्याच्या छायेत असल्याचा अंदाज दिला. त्यांतील बहुसंख्य आशिया व आफ्रिकेतील आहेत.

इतिहास : अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्स येथे १९०१ मध्ये दंतवैद्य म्हणून आलेले फ्रेडरिक मॅके यांना तेथील अनेक रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. त्यांनी व जी. व्ही. ब्लॅक यांनी या डागांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. कारण पाण्यात असावे असा मॅके यांचा तर्क होता. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ एच. व्ही. चर्चिल यांच्या विश्लेषणातून ते कारण फ्लोराइड असल्याचे उघड झाले. पुढे ट्रेंडली डीन यांनी दातांवरील परिणामाची प्रतवारी ठरवली. ती आजही वापरली जाते. हाडांवरील परिणाम १९३२ मध्ये कोपनहेगन येथे क्रायोलाइट खनिजाच्या कारखान्यातील कामगारांत नोंदला गेला.

भारतात १९३७ मध्ये एच. ई. शॉर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हाडांचा फ्लोरोसिस पाहिला व त्याचा संबंध पिण्याच्या पाण्याशी जोडला. कारखान्याचे वारेही न लागलेल्या खेड्यांतील शेतकरी तरुण वयात ताठरत होते आणि त्यांच्या विहिरींचे पाणी चवीला, रंगाला अगदी निर्दोष होते. ही अडचण आजही तशीच आहे : फ्लोराइडला रंग, वास वा ओळखता येईल अशी चव नसते, त्यामुळे परीक्षणाशिवाय ते कळत नाही.

पाण्यातील उगम : ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडकांतील फ्ल्युओराइट, ॲपेटाइट, अभ्रक व हॉर्नब्लेंड या खनिजांत फ्लोरिन असते. पाणी अशा खडकांच्या भेगांत जितका काळ राहील तितके फ्लोराइड त्यात उतरते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर कॅल्शियम फ्लोराइड फारसे विरघळत नाही आणि फ्लोराइडच्या प्रमाणाला आपोआप मर्यादा पडते. सोडियम बायकार्बोनेटचे प्रमाण जास्त व कॅल्शियम कमी असलेल्या, काहीशा अल्कधर्मी पाण्यात ही मर्यादा उठते. म्हणून साबणाला चांगला फेस येणारे ‘हलके’ बोअरचे पाणी काही भागांत जास्त धोक्याचे ठरते. कोरडे हवामान, जास्त बाष्पीभवन व भूजलाचा बेसुमार उपसा यांनी प्रमाण आणखी चढते.

उथळ विहिरींकडून खोल बोअरकडे झालेल्या वळणाचा येथे मोठा वाटा आहे. १९६० नंतरच्या दुष्काळांत, आणि महाराष्ट्रात विशेषतः १९७२ च्या दुष्काळात, खडक फोडून विंधन विहिरी घेण्याची मोहीम सुरू झाली. सोलापूर येथे घडलेल्या हातपंपाच्या रचनेवरून पुढे ‘इंडिया मार्क–२’ हा हापसा तयार झाला आणि देशभर पोचला. या बंदिस्त पाण्याने नारू व पटकी यांसारख्या रोगांपासून असंख्य माणसे वाचली. कठीण खडकाच्या पट्ट्यांत मात्र जंतूंपासून सुरक्षित असलेले तेच पाणी फ्लोराइडयुक्त निघाले. त्या काळी पाण्याची पारख मुख्यतः जंतू व खारेपणा यांवरून होत असे.

इतर मार्ग : चीनच्या ग्वेइझोउ प्रांतात फ्लोराइडयुक्त कोळसा व चिकणमाती घरात जाळून मका व मिरची सुकवण्याच्या पद्धतीमुळे हवेतून व अन्नातून फ्लोरोसिस होतो. तिबेटात तो विटेसारख्या दाबलेल्या चहाच्या वड्यांमुळे आढळतो. पूर्व आफ्रिकेतील खचदरीत ज्वालामुखीच्या खडकांमुळे इथिओपिया, केनिया व टांझानियातील पाण्यात फ्लोराइड जास्त असते.

शरीरातील क्रिया : जठरातील आम्लात फ्लोराइडचे हायड्रोजन फ्लोराइड बनते व ते अस्तरातून सहज रक्तात जाते. काही भाग मूत्रपिंडे बाहेर टाकतात. उरलेले हाडांत व वाढत्या दातांत साठते. शरीरातील सुमारे ९९ टक्के फ्लोराइड या कठीण ऊतींतच असते. हाडातील खनिजात हायड्रॉक्सिल आयन असतो. फ्लोराइड आयन जवळजवळ त्याच आकाराचा असल्याने त्याची जागा घेतो आणि फ्लुओरॲपेटाइट बनते. अल्प प्रमाणात हाच बदल दात किडण्यापासून बचाव करतो. जास्त प्रमाणात हाड घट्ट पण ठिसूळ होते, त्यावर काट्यांसारखी वाढ होते आणि अस्थिबंधांत कॅल्शियम साचते. वाढते मूल घेतलेल्या फ्लोराइडचा प्रौढापेक्षा बराच मोठा हिस्सा शरीरात धरून ठेवते.

लक्षणे : दातांवरील परिणाम एनॅमल तयार होत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षे वयापर्यंतच होतो. दातावर आडवे पांढुरके, पुढे पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात आणि ते घासून जात नाहीत. असे दात असलेल्या मुलांची व लग्नाच्या वयातील मुलामुलींची गावोगाव कुचंबणा होते. हे दुःख आरोग्याच्या आकडेवारीत उमटत नाही. हाडांच्या फ्लोरोसिसची सुरुवात सांधेदुखी व पाठीच्या ताठरपणाने होते. संधिवात समजून वर्षानुवर्षे वेदनाशामके घेतली जातात. पुढच्या अवस्थेत कणा एकसंध होतो, माणूस वाकतो आणि मेरुरज्जूवर दाब आल्यास पायांतील शक्ती जाते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ मध्ये एक वेगळे रूप नोंदले : फ्लोराइडच्या पट्ट्यातील मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर घासत होते. ज्वारीवर राहणाऱ्या गरीब कुटुंबांत हा प्रकार जास्त दिसला. धरणाच्या सिंचनानंतर जमिनीत व ज्वारीत मॉलिब्डेनम वाढते आणि शरीरातील तांबे मूत्रावाटे जास्त बाहेर जाते, हे त्यामागचे कारण असावे, अशी मांडणी याच संस्थेतील संशोधकांनी केली. मीरतच्या तेवतिया दांपत्याने आहारातील कॅल्शियमची कमतरता हाच हाडांच्या विकृतीचा मोठा भागीदार असल्याचे दाखवले. एकाच हातपंपाचे पाणी पिणाऱ्या दोन घरांत विकाराची तीव्रता वेगळी का असते, याचे उत्तर या संशोधनाने बरेचसे दिले : भूक आणि फ्लोराइड एकत्र आले की हानी वाढते.

निदान : गावपातळीवर तीन सोप्या हालचाली पाहतात : गुडघे न वाकवता पायाची बोटे पकडणे, हनुवटी छातीला लावणे आणि दोन्ही हात डोक्यामागे नेणे. क्ष-किरण चित्रात कोपराखालच्या दोन हाडांमधील पटलात कॅल्शियम साचलेले दिसले तर निदान पक्के होते. पाणी व मूत्र यांतील फ्लोराइड १९६६ मध्ये विकसित झालेल्या निवडक आयन विद्युत अग्राने अचूक मोजता येते. रंगबदलावर चालणारे क्षेत्रीय संच त्याहून ढोबळ, पण गावात वापरण्याजोगे असतात.

प्रमाणके : जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे १.५ मिग्रॅ. ही मार्गदर्शक मर्यादा दिली आहे. भारतीय मानक १०५०० नुसार १ मिग्रॅ.पर्यंतचे पाणी स्वीकारार्ह असून दुसरा स्रोत नसेल तरच १.५ मिग्रॅ.पर्यंत मुभा आहे. उष्ण प्रदेशात उन्हात राबणारा शेतमजूर दिवसाकाठी पुष्कळ पाणी पितो. त्याच्यासाठी ही मर्यादा जितकी खाली तितकी बरी.

फ्लोराइड काढण्याच्या पद्धती : (१) नलगोंडा तंत्र : नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेत (नीरी) डब्ल्यू. जी. नवलाखे, के. आर. बुलुसू व सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास ते विकसित केले. पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर व तुरटी घालून ढवळतात. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे पुंजके बनून फ्लोराइड त्यांच्याबरोबर तळाशी बसते व वरचे निवळ पाणी काढून घेतात. ४० लिटरच्या बादलीत, तळापासून थोड्या उंचीवर तोटी बसवून, घरीही ते करता येते : दहा मिनिटे सावकाश ढवळायचे आणि तासभर निवळू द्यायचे. चुना तुरटीच्या साधारण विसावा भाग लागतो. तुरटीचे प्रमाण फ्लोराइड व पाण्याची अल्कता या दोहोंवर ठरते. प्रमाण चुकल्यास ॲल्युमिनियम पाण्यात उरते. सल्फेट वाढणे व गाळाची विल्हेवाट या आणखी दोन अडचणी.

(२) सक्रिय ॲल्युमिना : सच्छिद्र ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दाण्यांवर फ्लोराइडचे अधिशोषण होते. आयआयटी कानपूरने युनिसेफच्या साहाय्याने यावर आधारलेली घरगुती गाळणी विकसित केली. दाणे काही महिन्यांनी संपृक्त होतात. मग ते सोडियम हायड्रॉक्साइड व सौम्य आम्लाने धुऊन पुन्हा वापरात आणावे लागतात. हे काम थांबले की गाळणी दिसायला चालू राहते, पण फ्लोराइड काढत नाही.

(३) हाडांचा कोळसा : जनावरांची हाडे मर्यादित हवेत भाजून केलेला कोळसा केनिया व टांझानियात उपयोगी पडला आहे. भारतात धार्मिक व सामाजिक संकोचामुळे तो स्वीकारला गेला नाही.

(४) विद्युत विच्छेदन व पटल पद्धती : ॲल्युमिनियमच्या अग्रांतून वीज सोडून तुरटीशिवाय पुंजके बनवण्याची रीत नीरीने सौरऊर्जेवर चालवून पाहिली. गावोगाव बसलेल्या पटल पद्धतीच्या आरओ यंत्रांनी फ्लोराइड चांगले निघते. पण बरेच पाणी टाकाऊ म्हणून बाहेर पडते, त्यात फ्लोराइड अधिक एकवटलेले असते आणि पाण्यातील कॅल्शियमही निघून जाते. कुपोषित लोकवस्तीत या शेवटच्या बाबीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

ग्रामीण व्यवस्था : प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली संयंत्रे गावात बंद पडण्यामागे बहुधा रसायनशास्त्राचा दोष नसतो. तुरटी संपते, चालवणाऱ्याला मानधन मिळत नाही, बिघाड दुरुस्त करायला कोणी येत नाही, पाणीपट्टी वसूल होत नाही. म्हणून नंतरच्या संशोधनाने पाणी, आहार व गावाची व्यवस्था यांचा एकत्र विचार केला. मध्य प्रदेशातील धार व झाबुआ जिल्ह्यांत नीरी व युनिसेफ यांनी अशी एकात्मिक योजना राबवली. सुरक्षित स्रोत शोधणे, पावसाचे पाणी साठवणे व भूजलात मुरवणे, गाळण्या पुरवणे यांबरोबर आहारात कॅल्शियमयुक्त रानभाज्यांचा प्रसार तिथे झाला. त्यांतील चकोडा म्हणजे आपल्याकडे कोकणात टाकळा आणि विदर्भात तरोटा म्हणून ओळखली जाणारी पावसाळी भाजी.

दिल्लीच्या फ्लोरोसिस संशोधन व ग्रामीण विकास प्रतिष्ठानच्या ए. के. सुशीला यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रक्तक्षय असलेल्या गरोदर स्त्रियांचे फ्लोराइडचे सेवन कमी केले व आहार सुधारला. त्यांच्या हिमोग्लोबिनात वाढ झाली आणि बाळांचे जन्मवजनही सुधारले. लोहाच्या गोळ्या खाऊनही रक्त न वाढण्यामागे पाणी असू शकते, ही शक्यता त्यामुळे आरोग्यसेवेपुढे आली. केंद्र शासनाचा राष्ट्रीय फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम २००८-०९ मध्ये सुरू झाला. तेलंगणात मिशन भगीरथ योजनेतून नदी व जलाशयांचे पाणी नलगोंडासह इतर जिल्ह्यांत नळाने पोचवले गेले. दूषित स्रोतच बदलणे हा सर्वांत टिकाऊ उपाय मानला जातो.

महाराष्ट्र : राज्याचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर वसला असल्याने तेथे फ्लोराइड सहसा कमी आढळते. पूर्व विदर्भ व नांदेडकडील जुन्या कठीण खडकांच्या पट्ट्यांत ते वाढते. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांत विकाराची नोंद झाली आहे. यवतमाळमधील पांढरकवडा परिसराचा भूजलवैज्ञानिक अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. या वस्त्यांत आदिवासी व कोरडवाहू शेतकरी मोठ्या संख्येने आहेत. १९७२ मध्ये स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा स्रोतांच्या परीक्षणाचे काम करते.

अलीकडील संशोधन : रसायन व पदार्थविज्ञानात झिर्कोनियम, लँथॅनम व सेरियम यांची ऑक्साइडे आणि धातू-सेंद्रिय जालकांसारखी नवी अधिशोषके तपासली जात आहेत. त्यांची धारणशक्ती मोठी असते. किंमत, पाण्यात धातू उतरण्याचा धोका व पुनर्वापर यांवर त्यांचे गावातील भवितव्य ठरेल. भूविज्ञानात खडक, हवामान व मातीच्या माहितीवरून संगणकीय प्रारूपे धोक्याचे नकाशे करतात, त्यामुळे परीक्षण कोठे आधी करावे हे कळते. वैद्यकात मुलांच्या बुद्धिविकासाचा प्रश्न पुढे आला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने ऑगस्ट २०२४ मध्ये, लिटरमागे १.५ मिग्रॅ.हून जास्त फ्लोराइडच्या संपर्काचा मुलांच्या कमी बुद्ध्यंकाशी संबंध असल्याचा निष्कर्ष मध्यम खात्रीने नोंदवला. जानेवारी २०२५ मध्ये ७४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही असा संबंध दिसला. त्यांतील बरेचसे अभ्यास चीनमधील आहेत. अमेरिकेत नळाच्या पाण्यात दातांसाठी मिसळले जाणारे प्रमाण, म्हणजे लिटरमागे ०.७ मिग्रॅ., याबद्दल त्यावरून निवाडा करता येत नाही. भारतातील फ्लोराइडग्रस्त गावांतील मुले मात्र त्याच्या दुप्पट व त्याहून जास्त प्रमाणाचे पाणी पितात. त्यामुळे एनॅमल, हाडे व मेंदू घडत असण्याच्या वयात, म्हणजे गर्भावस्थेपासून आठ वर्षांपर्यंत, सुरक्षित पाण्याचा पहिला हक्क त्यांचा ठरतो. अंगणवाडी, शाळा व प्रसूतीचे घर यांच्या स्रोतांचे परीक्षण गावात सर्वांत आधी व्हावे, ही आजवरच्या संशोधनातून निघणारी सर्वांत तातडीची शिफारस आहे.