सव्वा महिना: बाळंतपणाच्या जुन्या रीतीतलं काय ठेवायचं, काय सोडायचं?

"डॉक्टर, बाळंतपणात वाढलेलं वजन काही उतरत नाही. सकाळी चालायला जायचं रोज ठरवते, पण मुलांना कोणाकडे ठेवू?"

लहान मुलांच्या आया तपासणीच्या वेळी हे हमखास सांगतात. यातलं पहिलं वाक्य सगळे ऐकतात आणि लगेच सल्ला देतात: भात कमी कर, गोड बंद कर, व्यायाम कर. दुसरं वाक्य मात्र कोणी मनावर घेत नाही. माझ्या मते खरा आजार त्या दुसऱ्या वाक्यात आहे. तो समजून घ्यायचा तर आपल्या आज्या-पणज्यांच्या काळापर्यंत मागे जावं लागेल. कारण आज तुमच्यापुढे येणारा डिंकाचा लाडू तिथूनच आला आहे. त्या लाडवाबरोबर आणखी एक गोष्ट येत असे, ती मात्र वाटेत हरवली.

दीड महिन्याचा हिशोब

बाळंतिणीला काही आठवडे वेगळं जपायचं, ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितलं आहे की दीड महिना पथ्यपाणी सांभाळल्यावर स्त्रीला 'सूतिका' म्हणायचं थांबवावं. आपल्याकडे घरोघरी पाळला जातो तो सव्वा महिना. आजचं वैद्यकशास्त्र म्हणतं सहा आठवडे, म्हणजे ४२ दिवस. तिन्ही हिशोब जवळजवळ सारखे आहेत, आणि त्यामागे शरीराचं कारण आहे. प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण एक किलो असतं. सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी होतं. जखमा भरतात, दूध नीट येऊ लागतं.

आपल्या कोकणात या काळातली रीत ठरलेली होती. पहिलं बाळंतपण माहेरी. अंधारी खोली, शेक-शेगडी, ओवा-शेपाची धुरी, तेल लावून कढत पाण्याची आंघोळ. खायला उकड्या तांदळाची पेज, अळिवाची खीर, मेथीचे आणि डिंकाचे लाडू. किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरीचं सार. पहिले दहा दिवस सोयर, म्हणून तिने चुलीला हात लावायचा नाही.

सोयर-विटाळाचं कारण आज कोणीही मान्य करणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून एक गोष्ट घडत होती: बाईला कामातून सुट्टी मिळत होती. दुसरं कोणीतरी स्वयंपाक करत होतं, दुसरं कोणीतरी बाळाला न्हाऊ घालत होतं.

म्हणून तो काळ चांगला होता, असं मात्र समजू नका. अस्वच्छ पात्याने नाळ कापली जाई आणि धनुर्वाताने बाळं दगावत. जंतुसंसर्गाने आया जात. कल्याणला १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. पुढे त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. जुन्या रीतीत जपण्यासारखं काही होतं, आणि त्याच रीतीच्या काळात आपलं बाळ गेलं, या दोन्ही गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. आपणही दोन्ही लक्षात ठेवू.

लाडू कशासाठी होते?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी हा सगळा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना कामगार पुरवणारा जिल्हा म्हणूनच तो ओळखला जाई. घो मुंबईत चाकरमानी. घर, शेत, गुरं आणि म्हातारी माणसं बाईच्या अंगावर. सव्वा महिना संपला की ती विहिरीवर पाणी ओढायला, व्हायनात भात कांडायला, जात्यावर दळायला हजर. भाजवळीसाठी कवळ आणायचं, पावसात वाकून लावणी करायची. किनाऱ्यावरची बाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन मैलोन्‌मैल चालायची. त्यात अंगावर बाळ पीत असायचं.

डिंक, तूप, गूळ, खोबरं यांचा लाडू या कष्टांसाठी होता. घरात एरवी तूप क्वचितच दिसायचं. बाळंतपण ही तिला पोटभर आणि चांगलं खायला मिळण्याची दुर्मीळ संधी होती. तिच्या दृष्टीने लाडू हे औषधच होतं.

पेजेचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८९० च्या दशकात डच डॉक्टर आइकमन यांनी जावा बेटावर पाहिलं की पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर वाढवलेल्या कोंबड्यांना बेरीबेरीसारखा आजार होतो. या कामासाठी त्यांना १९२९ साली नोबेल मिळालं. तांदळाच्या कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व पॉलिश करताना निघून जातं. भात उकडला की ते दाण्याच्या आत मुरतं. आपली उकड्या तांदळाची पेज म्हणूनच शहाणपणाची होती. उलट, अलीकडच्या वर्षांत कर्नाटकातल्या डॉक्टरांना ब-१ अभावी गंभीर आजारी पडलेली तान्ही बाळं पाहायला मिळाली. त्यांच्या आया बाळंतपणाच्या पथ्यापायी पांढरा भात आणि मोजकेच पदार्थ खात होत्या. म्हणजे रीत तीच, पण तांदूळ बदलला आणि पथ्य घातक ठरलं.

मूल कोणाकडे?

गावात मूल सासूकडे, जावेकडे किंवा मोठ्या मुलीकडे असायचं. त्या मोठ्या मुलीची शाळा बहुतेक वेळा याच कामात बुडाली, हेही विसरू नये.

पण जी बाई नवऱ्याबरोबर मुंबईला गेली आणि गिरणीत लागली, तिच्याकडे सासूही नव्हती आणि जाऊही. तिने काय केलं? त्या काळच्या कामगारविषयक अहवालांत नोंद आहे: कामावर जाताना बाळाने झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी दिली जायची. या बायकांना निर्दयी म्हणणं सोपं आहे. बाळाला सांभाळायला माणूस नव्हतं आणि पाळीला गेलं नाही तर पगार नव्हता, हे त्यामागचं खरं कारण.

याच प्रश्नावर मुंबई विधिमंडळात चर्चा झाली. १९२८ साली प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. आईला प्रसूतीआधी आणि नंतर विश्रांती मिळणं देशाच्या हिताचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. १९६१ साली संपूर्ण देशासाठी बारा आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी ही रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं झालं.

म्हणजे सव्वा महिन्याच्या रीतीतली सर्वांत मोलाची गोष्ट कायद्यानेही ओळखली: कामातून सुटका आणि मूल सांभाळायला माणूस. पण मालवणात मासळी विकणारी, घरच्या घरी खानावळ चालवणारी किंवा शेतात राबणारी आई या रजेत बसत नाही. तिची रजा तिच्या घरानेच द्यायची आहे.

श्रम गेले, लाडू राहिले, माणसं पांगली

आता आजचं घर पाहा. नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, दारात स्कूटर आली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण लाडू तेवढेच राहिले, किंबहुना तूप आणि सुकामेवा वाढला. एका मध्यम डिंकाच्या लाडवात साधारण दीडशे ते दोनशे कॅलरी असतात. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, हे खरं. पण नेहमीचं जेवण, वर खीर, वर तीन-चार लाडू आणि दिवसभर खाटेवर, हा हिशोब जुळत नाही.

आणि सव्वा महिन्यानंतर? आई माहेरून परत येते तेव्हा घरात बहुतेक ती, नवरा आणि मुलं. मुलांच्या ताटातलं उरलेलं खाणं, तुटक झोप, दुपारी चहा-बिस्कीट. हा आळस नव्हे. तिला दिवसातली वीस मिनिटंही स्वतःची मिळत नाहीत.

याचा परिणाम पुढे दिसतो. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला पुढच्या आयुष्यात मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा सात ते दहा पट असतो. गंमत म्हणजे १९६४ साली बोस्टनच्या डॉ. ओसलिव्हन यांनी गरोदरपणातल्या साखरेचे निकष ठरवले, ते मुळात आईला पुढे मधुमेह होईल का हे ओळखण्यासाठीच. आपण मात्र बाळ सुखरूप झालं की आईची फाईल मिटवतो.

आपल्या लोकांत हा धोका कमी वजनातही असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. आपली बाळं वजनाने लहान, पण स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त, असं त्यांना आढळलं. म्हणून 'मी काही जाड नाही' यावर विसंबू नका. त्याच अभ्यासात ज्या माता पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा घेत, त्यांची बाळं अधिक चांगल्या वजनाची होती.

काय ठेवायचं

- उकड्या तांदळाची पेज, कुळथाची पिठी, पालेभाज्या, अंडी, पेडवे-बांगड्यांसारखे लहान मासे.
- अळीव, मेथी, डिंक जरूर खा, पण दिवसाला एक लाडू, आणि तोही जेवणावर वरून नव्हे तर नाश्त्याचा भाग म्हणून. साखर वाढलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
- लोह-फॉलिक ॲसिडची गोळी बाळंतपणानंतरही १८० दिवस. ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.
- अंगावर पाजणं. बाळासाठी आणि तुमच्यासाठीही.

काय सोडायचं

- बंद खोलीत धुरी आणि शेगडी. धूर आई आणि बाळ दोघांच्या फुप्फुसांना वाईट.
- पाणी कमी पिणं, भाज्या आणि फळं बंद करणं.
- मोरी वारंवार खाणं. मोरी म्हणजे शार्कच. अशा मोठ्या शिकारी माशांत पारा साठतो.
- सतत पडून राहणं. पाश्चात्त्य रुग्णालयांतही १९४० च्या दशकापर्यंत बाळंतिणीला आठवडाभराहून अधिक काळ अंथरुणावर ठेवत. लवकर हिंडू-फिरू दिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचं प्रमाण कमी होतं, हे नंतर कळलं. विश्रांती म्हणजे कामातून सुटका. हालचाल बंद नव्हे.
- पहिल्या सहा आठवड्यांत वजन उतरवण्यासाठी उपास किंवा डाएट.

घरातल्या घरात चालणं पहिल्या दिवसांपासून चालतं. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर, सिझेरियन झालं असल्यास डॉक्टरांच्या परवानगीने, आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्याचं उद्दिष्ट ठेवा. सलग जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. अंगणातल्या फेऱ्याही मोजल्या जातात.

सहा आठवड्यांची तपासणी चुकवू नका

बाळाच्या लसीला जाल त्याच दिवशी स्वतःचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि वजन तपासून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज घेऊन साखरेची तपासणी करायचीच, आणि पुढे दरवर्षी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, रडू येत असेल, तर तो कमकुवतपणा नव्हे, उपचाराने बरा होणारा आजार आहे. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं. खूप रक्तस्राव, ताप, एका पायाला सूज, धाप, किंवा डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी यापैकी काहीही झालं तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

आता शेवटचं, आणि हे नवऱ्यांसाठी, सासूबाईंसाठी, आजोबांसाठी. रोज अर्धा तास ठरवा. त्या वेळात मुलं तुमच्याकडे, घड्याळ लावून. ती चालेल, झोपेल किंवा नुसती बसेल, तिचं ती ठरवेल. बाळंतपणाच्या जुन्या रीतीत याहून गुणकारी औषध नव्हतं. हा लेख वाचून झाला की फोन त्यांच्या हातात द्या.