औषधी पॅचचे जुने होणे

औषधी पॅच म्हणजे त्वचेवर चिकटवायची, औषध तासन्‌तास, काही वेळा आठवडाभर, अंगात झिरपवणारी पट्टी. पाकीट फोडण्याआधी, साठवणीतच, तिचे झिरपणे बदलू लागते. हे तिचे जुने होणे. छापील मुदत शिल्लक असतानाही ते घडते, कारण मुदत पाकिटावर सांगितलेल्या तापमानापुरती खरी, बहुतेकदा २५ किंवा ३० अंश सेल्सिअसपर्यंत. चंद्रपूरचा मे ४५ अंशांवर जातो, काही वर्षी ४७च्याही पुढे.

बदल एकाच दिशेने होतो असे नाही. कोठीच्या पॅचमध्ये, म्हणजे औषधाची वेगळी कोठी आणि तिच्यावर झिरपण आवरणारा पडदा असलेल्या पॅचमध्ये, औषध साठवणीत हळूहळू पडद्यात आणि चिकट थरात मुरते, मग लावल्याबरोबर पहिला हप्ता जास्त सुटतो. चिकट थरातच औषध मिसळलेल्या पॅचचे उलटे: विरघळलेले औषध खडे धरते, आणि खड्यातले औषध त्वचेत जायला तयार नसते.

याचे गाजलेले उदाहरण कंपवातावरच्या रोटिगोटीनचे. त्या पॅचवर बर्फाच्या पाकळ्यांसारखे स्फटिक दिसू लागले आणि २००८ मध्ये तो अमेरिकेच्या बाजारातून काढावा लागला. घटक बदलून परतला २०१२ मध्ये. मधल्या काळात युरोपात तो थंड साखळीत, २ ते ८ अंशांत ठेवला जाई. म्हणून प्रत्येक पॅच फ्रिजात कोंबावा असे मात्र नाही. काहींच्या पाकिटावर तशी मनाईच छापलेली असते.

उष्णतेने चिकट थर नरम होऊन वाहतो. पाकीट फाडले की पट्टीच्या कडेला ओघळलेला पट्टा दिसतो, पाकिटाच्या आतल्या बाजूलाही चिकटलेला. कड सुटली तर त्वचेला लागणारा पृष्ठभाग घटतो, औषधही.

गडचिरोलीत अडचण उन्हाळा आणि पावसाळा या दोन्ही ऋतूंची आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, म्हणून औषधे पावसाआधीच पोचवावी लागतात. म्हणजे माल उन्हाळ्यात निघतो आणि पुढे दमट हवेत पडून राहतो. पत्र्याखालची खोली किंवा गाडीची डिकी बाहेरच्या हवेहून जास्त तापते.

लावलेल्या पॅचवरची उष्णता ही वेगळी बाब. तीव्र वेदनांवरच्या फेंटॅनिलचा पॅच तापला, किंवा रोग्याला ताप चढला, तर औषध जादा शोषले जाऊन श्वास मंदावू शकतो, अगदी पॅच कालच बनलेला असला तरी.