नारू गेला, तो कसा?

वाचक माउली, आपल्या गावातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसापाशी घटकाभर बसा आणि ‘नारू’ म्हणजे काय, एवढेच विचारा. घरातल्या नातवंडांना हा शब्दही ठाऊक नसेल. त्यांना तो ठाऊक नाही, यामागे फार मोठे पुण्यकर्म आहे. त्याची ही हकिकत.

नारू झाला की पायावर फोड येई. त्याची अशी आग होई की माणूस रात्र रात्र तळमळे. फोड फुटला की कातडीतून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोके काढी. तो दोन-तीन फूट लांब असे. ओढताना तुटला तर पाय सुजून पिके. म्हणून तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. यात आठवडेच्या आठवडे जात. कर्ता माणूस शेतीच्या दिवसांत खाटेवर पडे. ज्याची सारी साधना पायी चालण्याची, त्या वारकऱ्याला नारू म्हणजे काय वाटला असेल, याचा विचार करा. लोक म्हणत, हा देवाचा कोप, हे मागच्या जन्मीचे भोग.

खरे कारण पिण्याच्या पाण्यात होते. फेदचेंको नावाच्या रशियन अभ्यासकाने 1870 मध्ये तुर्कस्तानच्या मुलखात ते शोधले. साचलेल्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा ठिपक्याएवढा किडा असतो. नारूची पिल्ले त्याच्या पोटात वाढतात. ते पाणी माणूस प्याला की साधारण वर्षभराने जंत कातडी फोडून बाहेर येतो. आग शमवायला माणूस पाय गार पाण्यात बुडवी, आणि त्याच क्षणी जंत हजारो पिल्ले पाण्यात सोडी. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून, घोटाभर पाण्यात उभे राहून घागर भरण्याची रीत होती. एकाला मिळालेला गारवा असा पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या पायात उगवे. विहिरींवर जातीचे पहारे होते. नारूने मात्र कोणाची जात विचारली नाही.

या रोगावर लस नव्हती आणि जंत मारणारे औषधही नव्हते. तरीही 1983-84 मध्ये सरकारने नारू निर्मूलनाची देशव्यापी मोहीम सुरू केली. 1984 मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांत सुमारे 40 हजार रुग्ण होते. उपाय साधे होते. पाणी दाट विणीच्या कापडातून गाळावे. नारू निघालेल्याने विहिरीत पाय घालू नये. पायऱ्या बंद करून, कठडा बांधून पोहऱ्याने पाणी शेंदावे. विहिरीत किडे मारणारे औषध सोडावे. जमेल तिथे हापसा बसवावा. देशभर पोचलेला ‘इंडिया मार्क दोन’ हापसा आपल्या सोलापूरच्या पंपावरून घडला, हे पंढरीच्या वाटेवरच्या माणसाने आवर्जून लक्षात ठेवावे.

आरोग्यसेवक घरोघर फिरले, रुग्ण शोधत राहिले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै 1996 मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. पुढेही काही वर्षे पाळत ठेवून, फेब्रुवारी 2000 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले.

आता थोडे मनन करू. पाणी गाळून पिण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण घरात गाळलेल्या पाण्याने फक्त आपले घर वाचते. गाव वाचायचे, तर ज्याचा पाय जळत होता त्याने विहिरीच्या काठावर थांबायला हवे होते. समोर गार पाणी, पायात आग, आणि तरी तो थांबला. का, तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचा पाय जळू नये म्हणून. त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. अशा हजारो जणांच्या थांबण्याने नारू गेला. कोप मानून हात जोडून बसलो असतो, तर तो आजही असता.

नारू गेला, तरी पाणी सगळ्यांचे एकच आहे. मुक्कामावर दिंडीच्या पिंपात कोणी हात बुडवून तांब्या भरू लागला, तर त्याला लांब दांड्याचे ओगराळे द्या. घरच्या हंड्यालाही झाकण असू द्या. आपल्यामागून तहानलेला कोण येणार, हे आपल्याला माहीत नसते. पण तो माउलीच असतो, हे तर आपण रोज म्हणतो.