काळी टाकी आणि पारदर्शक छप्पर

बिन ओमरानच्या गच्चीवर कपड्यांना लावलेले प्लास्टिकचे चिमटे एकदोन उन्हाळ्यांत बोटांतच मोडतात, हे आपल्याला सवयीचे झाले आहे. गावाकडची काळी पाण्याची टाकी मात्र वर्षानुवर्षे उन्हात उभी असते. दोन्ही प्लास्टिकच, मग असे का? त्याचा हा इतिहास.

पॉलिथिन १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत जवळजवळ अपघातानेच सापडले. महायुद्धात ते रडारच्या केबलींना लागले. युद्धानंतर अमेरिकेत टेलिफोन केबलींवरच्या जड शिशाच्या आवरणाऐवजी ते वापरायला घेतले, आणि उन्हात ते तडकू लागले. अतिनील किरणांमुळे रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, तुटलेली टोके हवेतल्या ऑक्सिजनशी जोडली जातात आणि ती पुढच्या साखळ्या तोडतात. एकदा सुरुवात झाली की हे आपोआप वाढत जाते.

उतारा सापडला तो काजळीत. दोन-तीन टक्के बारीक काजळी मिसळली की ती किरण स्वतःच शोषून घेते. पण बेल लॅबमधल्या वॉल्टर लिंकन हॉकिन्स यांना असे दिसले, की उष्णतेपासून वाचवणारी नेहमीची रसायने काजळीसोबत निकामी होतात. मग त्यांनी सहकाऱ्यांबरोबर काजळीशी जुळणारी रसायने शोधली. हॉकिन्स १९४२ मध्ये तिथे रुजू झालेले पहिले कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. १९९२ मध्ये त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. जळगावच्या जैन इरिगेशनने घरोघरी पोहोचवलेल्या ठिबकच्या नळ्या काळ्या असतात, त्याचे मूळ या केबलींत आहे. टाकीच्या बाबतीत आणखी एक फायदा, आत उजेड जात नाही म्हणून शेवाळही धरत नाही.

पण पॉलिहाउसचे काय? तळेगाव दाभाड्याच्या गुलाबांना ऊन हवेच, तिथे काळे छप्पर चालणार नाही. आधी किरण शोषणारी रंगहीन रसायने आली, निकेलची संयुगेही वापरली गेली, पण त्यांनी फिल्मला हिरवट-पिवळी झाक येई. १९७० च्या दशकात जपानची सांक्यो आणि स्वित्झर्लंडची सीबा-गायगी यांनी ‘हिंडर्ड अमाइन’ जातीची रसायने बाजारात आणली. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘हाल्स’ म्हणतात. आपल्या कानाला नाव अगदी उलटे वाटते, कारण ती प्लास्टिकचे हाल थांबवतात! ती ऊन अडवत नाहीत. तुटलेली टोके पकडून साखळीतोड थांबवतात आणि त्या कामात स्वतः पुन्हा तयार होतात, म्हणून टक्क्याच्या काही दशांशांत भागते.

त्यांचा वैरी मात्र शेतातच आहे, गंधक. भुरी रोगावर गंधकाची धुरी देतात, फवारणी करतात. त्यातून तयार होणारी आम्ले अमाइनला बांधून टाकतात, आणि मग राखणदार असूनही नसल्यासारखा. फिल्म आधी फाटते ती तापलेल्या लोखंडी पाइपला टेकते तिथे.

इथे मेसाईदला कतार पेट्रोकेमिकल कंपनी आहे. स्थापना १९७४ ची, उत्पादन १९८१ पासून. पॉलिथिनचे दाणे तिथे बनतात. उन्हापासूनची राखण बहुतेक वेळा पुढे, फिल्म बनवणारा कारखानदार मिसळतो, आणि स्वस्तात माल द्यायचा तर हात आखडण्याची पहिली जागा हीच. माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, कारण पहिल्या दिवशी दोन्ही फिल्म सारख्याच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो दुसऱ्या उन्हाळ्यात, तोवर कर्जाचे हप्ते सुरू झालेले असतात.

आपल्यातले बरेच जण भावाच्या, काकांच्या पॉलिहाउससाठी इथून पैसे पाठवतात. कोटेशन आले की जाडीचे मायक्रॉन सगळेच विचारतात. फिल्मची हमी किती महिन्यांची आणि गंधक-क्लोरीनची मर्यादा किती, हेही लेखी मागवा. ज्या पाइपला फिल्म टेकणार आहे त्यांना वरून पांढरा रंग द्यायला सांगा.